सातव्या धड्यातला दौलत

माझ्या पुस्तिकेत जॉन आणि मेरी येणार नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. चौतीस वर्षं पालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवताना या दोघांनी मला वात आणला होता. जॉन सारखा बाजारात जायचा, मेरी सारखी सफरचंद खायची, आणि गिरगावातल्या माझ्या पोरांना वाटायचं, इंग्रजी ही सफरचंद परवडणाऱ्यांची भाषा आहे. निवृत्त झाल्यावर मी फणसवाडीत, आमच्या मंडळाच्या खोलीत, संध्याकाळचा वर्ग सुरू केला. नोकरी शोधणारी मुलं यायची, आपल्या पोरांच्या शाळेत मॅडमपुढे चार शब्द बोलता यावेत म्हणून बायका यायच्या. मंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा कार्यकर्ते म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गाचं पुस्तक छापूया." मी म्हटलं, छापा, पण त्यातली माणसं वाडीतली असतील.

इंग्रजांना एक खोड आहे. साधंसरळ क्रियापद घ्यायचं आणि त्याला अप, डाउन, ऑफ, आउट असलं एखादं शेपूट लावायचं. शेपूट बदललं की जनावरच बदलतं. माझी मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडखळायची, म्हणून मी अशा क्रियापदांचेच बारा धडे आखले. उठण्याबसण्याचे, आणण्यानेण्याचे, उघडण्याचे, बंद करण्याचे.

पुस्तकात खरी नावं येणार हे कळलं आणि माझ्या दाराशी रांग लागली. प्रितीचं ब्यूटी पार्लर नुकतंच निघालं होतं, तिला उघडण्याच्या धड्यातली सगळी वाक्यं एकटीला हवी होती. तळमजल्यावरच्या मनूनं जन्मात कधी दहाच्या आत अंथरूण सोडलेलं नाही, पण 'गेट अप'च्या वाक्यात मलाच घाला म्हणून तो हटून बसला. मी त्याला 'स्लीप इन'मध्ये, म्हणजे उशिरापर्यंत झोपण्यात, घातलं. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

सातव्या धड्याकडे मात्र कुणी फिरकेना. तो बंद करण्याचा धडा. आपल्याकडे दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. त्याच्या गल्ल्यासमोर 'बंद' शब्द उच्चारला तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. प्रितीनं तर मला हातच जोडले. "बाई, शुभ बोला हो. कर्जाचा पहिला हप्ता पण गेला नाहीये अजून," ती म्हणाली. पुस्तकातल्या वाक्यानं पार्लर बुडत नाही हे मी तिला समजावलं, पण ती ऐकणारी नव्हती, आणि पुढे जे झालं ते पाहता तिचंच बरोबर होतं असं म्हणावं लागेल.

शेवटी माझ्या मदतीला आले ते दौलतभाऊ. वाडीच्या तोंडाशी त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, गिरगावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या चौकटींनी भरल्या आहेत. त्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या खोलीत मोठी तसबीर लावताना ते शिडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. तेव्हापासून दुकानाचं शटर खाली होतं आणि दौलतभाऊ दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत, पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडून होते.

"बंद करायची सगळी वाक्यं माझ्या नावावर टाका, बाई," ते म्हणाले. "शटर तसंही खालीच आहे. मला आणखी काय लागणार?"

"व्हय तर," त्यांची बायको गंगुबाई ओट्यापासून ओरडली. "ह्येका म्हणतत हात दाखवून अवलक्षण."

गंगुबाईशी माझी तीस वर्षांची मैत्री, दुपारचा चहा रोज एकत्र. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीतून तिला माझा कुकर आणि मला तिची भांडणं ऐकू येतात. ती लहानपणी मालवणाकडून आली ती इथलीच झाली, पण राग आला किंवा प्रेम आलं की तिचं बोलणं लगेच गावाला जातं.

तर सातवा धडा दौलतभाऊंचा झाला. रोजच्यासारखं दुकान बंद करणं म्हणजे क्लोज अप, म्हणून दौलत रोज आठ वाजता क्लोज अप करतो. सगळी कुलपं नीट लावून निघणं म्हणजे लॉक अप, दौलत लॉक अप करतो आणि किल्ली गंगुबाईकडे देतो. पाणी, गॅस, मशीन थांबवणं ते शट ऑफ. विसर्जनाला पोलीस गल्ली क्लोज ऑफ करतात, म्हणजे वाट अडवतात, आणि दौलतला वळसा पडतो. गंगुबाई मांजराला शट आउट करते, म्हणजे बाहेर ठेवते. ही सगळी वाक्यं मी त्यांना खाटेपाशी बसून वाचून दाखवली. मांजराच्या वाक्याला ते इतके हसले की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला.

एक वाक्य मात्र मी वाचून दाखवलं नाही. क्लोज डाउन, म्हणजे धंदा कायमचा बंद करणं, गाशा गुंडाळणं. त्याला भूतकाळातलं उदाहरण हवं होतं. मी लिहिलं, "दौलत क्लोज्ड डाउन हिज शॉप लास्ट इयर." दौलतनं गेल्या वर्षी आपलं दुकान कायमचं बंद केलं. माझा हात जरा अडला होता. पण रामदास, माझा नवरा, जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. लिहीत बसलं की दिवस सरायचा, म्हणून मी भराभर लिहीत सुटले होते, आणि ते वाक्य तसंच पुढे गेलं.

सव्वीस जानेवारीला पुस्तिका निघाली. मागच्या पानावर आमच्या घरमालकाची जाहिरात होती, त्यामुळे त्याला एक प्रत द्यायची होती. ती मी स्वतः नेऊन दिली. वर 'सप्रेम भेट' लिहून सही केली, तारीख घातली. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर इतक्या व्यवस्थितपणे कुणी घेत नसेल.

फेब्रुवारीच्या शेवटी मालकानं दावा लावला. दौलतनं दुकानाचा गाळा सहा महिन्यांहून जास्त वापरलेला नाही, सबब गाळा परत मिळावा. दावा बघायला हितेंद्रकडे दिला. हितेंद्र आमच्या वाडीतलाच वकील. नववीत मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं होतं, पण त्यानं ते मनात ठेवलेलं नाही.

"पाय मोडला होता हे कारण कोर्ट मान्य करेल," तो म्हणाला. "आजारपणात गाळा बंद राहिला तर तो जात नाही. पण समोरच्याचं म्हणणं वेगळंय. तो म्हणतो, पाय हे निमित्त. माणूस सहासष्ट वर्षांचा झाला, मुलगा नाही, त्यानं धंदा सोडूनच दिला होता. आणि पुरावा म्हणून त्यानं हे लावलंय."

त्यानं कागदांमधून माझी पुस्तिका काढली. सातव्या धड्यातल्या शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी लाल पेननं रेघ मारली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघा मारल्या, आता माझ्या वाक्याखाली रेघ आली.

दौलतभाऊंनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. गुढीपाडव्याला त्यांनी काठी टेकत शटर वर केलं, दाराला तोरण बांधलं आणि काम सुरू केलं. पाय मात्र वाकडाच बसला. ते लंगडत चालतात, जिना एकेक पायरी करत उतरतात. "त्या परळच्या डाक्टरान पाय वाकडो बसयल्यान," गंगुबाई येईल त्याला सांगायची. दुकान हेच त्यांचं सगळं. मुलगी वडाळ्याला दिली आहे, तिचा संसार बेताचा. गाळा गेला असता तर म्हातारपणी त्या दोघांनी खायचं काय, हा सरळ प्रश्न होता, आणि तो माझ्यामुळे उभा राहिला होता.

तारखांवर तारखा पडत दोन वर्षं गेली. माझी साक्ष लागली तेव्हा आदल्या रविवारी दुपारी हितेंद्र माझ्याकडे आला.

"बाई, सोपं आहे. तुम्ही सांगायचं की क्लोज डाउन म्हणजे तात्पुरतं बंद ठेवणं असाही अर्थ होतो. तुमच्याशी इंग्रजीवरून वाद घालायची तिथे कुणाची छाती आहे?"

"म्हणजे शपथ घेऊन चुकीचा अर्थ सांगू?"

"थोडा वाकवायचा."

"हितेंद्र, शब्दाचा अर्थ म्हणजे काय तार आहे, वाकवायला? उद्या समोरचा वकील खिशातून डिक्शनरी काढेल आणि मी खोटी ठरले की माझं बाकीचं पण खोटं ठरेल."

"मग खरं काय सांगणार तुम्ही? तुम्हीच लिहिलंय."

खरं सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत होती. ती गोष्ट फक्त मला आणि दौलतभाऊंना ठाऊक होती.

रामदास गेला त्याला नववा दिवस होता. तेराव्याला ठेवायला घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. सगळ्या फोटोंत तो कुणाच्या तरी मागे उभा, नाहीतर जेवणाच्या पंगतीत वाकलेला. एक छोटासा सापडला, त्यात तो हसत होता. तो मोठा करून आणला आणि शेजारी दौलतभाऊंना विचारायला गेले की कुठल्या फ्रेमवाल्याकडे देऊ. त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. रामदास आणि ते रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसायचे. "ठेवून जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गंगुबाई सकाळीच मुलीकडे वडाळ्याला गेली होती. दुपारी मी खाली उतरले तर दुकानाचं शटर अर्धं वर. वाकून आत पाहिलं, तर दौलतभाऊ कामाच्या फळीपाशी उभे होते. दोन मजले बसून, घसरत घसरत उतरले होते. लेंग्याला जिन्याची सगळी धूळ लागली होती.

"अहो, बसा तरी," मी म्हटलं.

"काच बसून कापता येत नाही, बाई. कापायच्या हिऱ्यावर अंगाचा भार टाकावा लागतो. नाहीतर वेडीवाकडी तुटते."

आणि त्यांनी मोडलेल्या पायावर भार दिला. मी समोरून काच धरली होती. त्यांच्या कपाळावरचा घाम काचेवर टपकत होता आणि ते तो बाहीनं पुसत होते. मी त्यांना थांबवायला हवं होतं. हात धरून खाली बसवायला हवं होतं, मनूला हाक मारायला हवी होती. मी काहीच केलं नाही. कारण मला तो फोटो हवा होता, दुसऱ्या कुणाच्या हातचा नको होता, त्यांच्याच हातचा हवा होता. त्या दिवसांत माणूस किती आपमतलबी होतो हे मी माझ्यावरून सांगते. फ्रेम झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे मागे दुकानाची चिठ्ठी चिकटवली, तीवर तारीख घातली आणि म्हणाले, "गंगूला सांगू नका. उगाच तुमच्यावर रागावेल."

आठवड्यानं तपासणीत डॉक्टर म्हणाला, हाड सरकलंय. ऑपरेशन करावं लागलं, आणखी महिने गेले, पाय वाकडा बसला. गंगुबाई डॉक्टरला शिव्या देत राहिली आणि मी भिंतीच्या या बाजूला त्या ऐकत राहिले. दोन वर्षांत एकदाही माझं तोंड उघडलं नाही.

हितेंद्र गेल्यावर मी दुकानात गेले. दौलतभाऊ कुणाच्या तरी बारशाचा फोटो बसवत होते.

"उद्या मी ते सांगते," मी म्हटलं. "धंदा सोडलेला माणूस मोडक्या पायानं काच कापायला येत नाही, हे न्यायाधीशांना कळेल."

"नको," ते म्हणाले. "कोर्टात गंगू समोर बसलेली असेल."

"म्हणून दुकान घालवायचं?"

"दुकानाचं बघू काय ते. तुम्ही दोघी तुटाल त्याचं काय? रामदास गेल्यापासून तुम्हाला तरी कोण आहे, आणि तिला तरी कोण आहे?"

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. स्वतःला लंगडं करून घेतलं, दुकान पणाला लागलं, आणि काळजी कसली, तर आमच्या चहाची. मी तिथून तडक उठून आले. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

सकाळी मी भिंतीवरून रामदासचा फोटो उतरवला, साडीच्या घडीत गुंडाळला आणि पिशवीत घालून कोर्टात गेले. गंगुबाई पहिल्या बाकावर, इस्त्रीची साडी नेसून बसली होती. मला बघून तिनं हात वर केला, शाळेत आई मुलाला परीक्षेच्या वेळी करते तसा. शेजारी दौलतभाऊ माझ्या पिशवीकडे बघत होते आणि मान हलवून नको नको म्हणत होते.

मालकाचा वकील नम्र होता. नम्र वकील फार वाईट, हे मला त्या दिवशी कळलं.

"बाई, आपण इंग्रजीच्या शिक्षिका. किती वर्षं?"

"चौतीस."

"हे वाक्य आपण लिहिलंत?"

"हो."

"क्लोज डाउन म्हणजे काय, जरा कोर्टाला सांगता?"

हितेंद्र माझ्याकडे बघत होता. नववीत गणिताच्या पेपरला बसला की असाच बघायचा.

"धंदा कायमचा बंद करणं," मी म्हटलं.

हितेंद्रनं डोळे मिटले. मागे कुणीतरी चुकचुकलं, बहुतेक मनू असावा.

"तात्पुरता बंद ठेवणं नव्हे?"

"त्याला आम्ही हा शब्द शिकवत नाही."

"आभारी आहे. म्हणजे वाक्य बरोबर आहे."

"वाक्य शुद्ध आहे," मी म्हटलं. "पण ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं."

न्यायाधीश बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "माहीत होतं तर लिहिलंत का?"

"उदाहरण हवं होतं म्हणून. वाक्यात व्याकरण जुळलं की शिक्षक पुढे जातो, ते खरं आहे का हे बघत नाही. चौतीस वर्षं मी असंच केलं. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे मान्य करते."

हे बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. मी जन्मात कधी 'माझी चूक आहे' असं चारचौघांत म्हटलेलं नव्हतं. रामदासला तर घरातही म्हटलं नव्हतं.

"खोटं आहे हे कशावरून?" वकिलानं विचारलं.

मी फोटो काढला. साडी सोडवली. न्यायाधीश बाईंना मागची चिठ्ठी दाखवली, दुकानाचं नाव, दौलतभाऊंची सही आणि तारीख. एकोणतीस नोव्हेंबर. मग मी सगळं सांगितलं. जिना, धूळ, हिरा, काच, पायावर टाकलेला भार, सगळं. सांगताना मी गंगुबाईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे एक शब्द निघाला नसता.

"एक दिवस शटर वर केलं म्हणजे धंदा चालू होता असं म्हणायचंय आपल्याला?" वकील म्हणाला.

"ज्याला धंदा सोडायचाय तो मोडक्या पायानं दोन मजले घसरत उतरत नाही हो. त्यानं मला दुसरा फ्रेमवाला सांगितला असता. मी तेच विचारायला गेले होते. आणि दौलतभाऊंचं हाड त्या दिवशी सरकलं. ते आज लंगडतायत ते माझ्या फोटोपायी. डॉक्टरमुळे नाही."

एवढं बोलून मी खाली उतरले. पहिला बाक अर्धा रिकामा होता. गंगुबाई उठून निघून गेली होती.

पुढचे पाच आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, दौलतभाऊंशीही नाही. भिंतीतून भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही. मी एकदा खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले, तर तिनं दार उघडलं, ताट बघितलं आणि दार लावून घेतलं. जिन्यात समोरासमोर आलो की ती कठड्याकडे तोंड करून उभी राहायची. मी वाट बघत होते की ती मला चार शिव्या देईल, पण तेवढंही तिनं केलं नाही. खरं बोलल्याचं समाधान वगैरे असतं म्हणतात, मला ते एक दिवसही मिळालं नाही. मी नुसती एकटी पडले होते.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात गेलेच नाही. दुपारी वाडीत हितेंद्रची मोटरसायकल शिरली आणि त्यानं खालूनच आरोळी ठोकली, "बाई! दावा फेटाळला!" वाडीनं टाळ्या वाजवल्या. प्रिती पार्लरमधून एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर लेप तसाच ठेवून बाहेर आली. मी गॅलरीत उभी राहून सगळं बघितलं, पण खाली जायचं धाडस झालं नाही. दुकानाच्या पायरीवर दौलतभाऊ बसले होते आणि मान खाली घालून रडत होते.

तासाभरानं माझ्या दारात गंगुबाई उभी राहिली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर पदर कमरेला खोचून, हाताची घडी घालून उभी राहिली.

"तुझ्या घोवाचो फोटो होतो म्हणान सोडतंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचो आसतो ना, तर ह्येंचो दुसरो पाय माझ्या हातान मोडलो असतो."

मी तिचे हात धरायला गेले, तर तिनं ते मागे घेतले.

"थांब. माझो राग अजून गेलो नाय. दोन वर्सां मी त्या डाक्टराक गाळी घातलंय आणि तू भितीपल्याड बसान आयकत होतंस."

"हो," मी म्हटलं. "ऐकत होते. माझं चुकलं, गंगू."

"रोज त्या पायाक तेल चोळतंय मी. दोन वर्सां झाली. हातांक गाठी इल्यो माझ्या." तिनं तळवे माझ्यासमोर धरले. "चोळूक हात माझेच रवतले. पण आजपासून तेल तुझा."

मी चपला घातल्या आणि पर्स घेऊन तिच्या बाजूनं जिन्याकडे धावले. कोपऱ्यावरच्या आयुर्वेदिक दुकानात नारायण तेल मिळतं. पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"मोठी बाटली घेवन ये गो, सीमा. ह्येंका अजून बरीच वर्सां चालूचा आसा."